सहभागाचे स्वरूप

विम्याच्या कचेरीत त्याला सगळे 'रकानेसाहेब' म्हणत, आणि त्याला ते नाव मनापासून आवडे, हीच त्यातली खरी गंमत. दाव्यांच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसून त्याने एक गोष्ट पक्की केली होती. अर्जात रिकामा रकाना दिसला की अर्ज परत. मग समोरच्याचं घर जळालेलं असो, की गाडीचा चुराडा झालेला असो. "लागू नसेल तर 'लागू नाही' असं लिहा, पण रिकामं सोडू नका," हे वाक्य तो दिवसातून तीसेक वेळा म्हणे. हा माणूस वाढदिवसाचं कार्डसुद्धा सही-तारीख तपासून घेतो, असं शेजारच्या टेबलावरची बाई सांगे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

असा हा माणूस रविवारी दुपारी काय करत असेल? तर एका जुन्या व्हिडिओ गेममध्ये नदीवर धक्के बांधत असे.

गेम नावाड्याचा होता. एक नदी, काठावर एक गाव, आणि आपण नाव वल्हवत माणसांना या तीरावरून त्या तीरावर न्यायचं, बस. लहानपणी तो आणि त्याची धाकटी बहीण एकाच कीबोर्डवर तो खेळत. नाव वळवायची त्याने आणि भोंगा वाजवायचा तिने. भोंगा सोडला तर त्या गेममध्ये दुसरा आवाजच नव्हता. पाणी मुकं, माणसं मुकी, बाजारही मुका. कंपनीने घाईघाईत काहीतरी करून विकलं आणि पुढे वाऱ्यावर सोडून दिलं. पण जगात अशा सोडून दिलेल्या गोष्टींना जीव लावणारे लोक असतातच. हे दोघं त्यातले. मोठेपणी त्यांनी त्या गेमचा मॉड करायला घेतला. मॉड म्हणजे दुसऱ्याच्या गेममध्ये हौशी माणसांनी आपल्या पदरचं घालून केलेली भर. करायची आणि फुकट वाटायची. याने अकरा नवे धक्के बांधले, धुकं आणलं, बाजाराची गल्ली मांडली. आवाज सगळे बहिणीचे.

बहिणीला घरात टिटवी म्हणत. लहानपणी ती एकाच पट्टीत तासभर रडू शकायची, म्हणून. पुढे त्याच पट्टीच्या कानाने तिला पोटापाण्याला लावलं. गेमसाठी आवाज तयार करणाऱ्या एका स्टुडिओत ती कामाला होती. ही नोकरी तिला सुखासुखी मिळाली नव्हती. नऊ वर्षं तिने इकडे दोन महिने, तिकडे तीन महिने असं करत काढली होती, आणि चाळिशीला टेकल्यावर कुठे तिच्या नावाची पाटी एका खोलीच्या दारावर लागली होती.

सहा वर्षं दर रविवारी ती माइक घेऊन दादाच्या घरी येई. रबरी हातमोजा ओला करून पिळला की त्यातून पाणपक्षी ओरडत. चामड्याचा पट्टा कानाजवळ हळूहळू पिरगाळला की नावेचा दोर ताणला जाई. पत्र्याच्या डब्यात कोरडे वाटाणे तिरके केले की पाऊस येई. वहिनीच्या कपाटाचं बिजागर हे गावातल्या सोळा दारांचं बिजागर झालं होतं, त्यामुळे त्याला तेल घालायची वहिनीला सहा वर्षं बंदी होती. एकूण तीनशे बारा आवाज झाले. स्टुडिओचं आणि हे मिसळायला नको म्हणून सगळे दादाच्याच कॉम्प्युटरवर राहत.

आवाज तयार झाला की ती हेडफोन दादाच्या कानावर चढवी आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसे. तो डोळे मिटून ऐके आणि म्हणे, "अर्धा सेकंद उशिरा येतोय." किंवा, "जरा मोठा वाटतो." फार म्हणजे फारच खूश झाला तर म्हणे, "चालेल."

"चालेल काय, दादा? पाणी आहे ते, पळेल!" असं म्हणून ती हसे.

मॉड पुरा झाला तेव्हा शेवटी येणाऱ्या नावांमध्ये तिने स्वतःचं नाव घालू दिलं नाही. "नुसतं 'टिटवी' लिही. माझं खरं नाव कुठे टाकू नकोस हं. नोकरीत अडचण होते." त्याने मान डोलावली. मनात मात्र म्हणाला, लाजते आहे वेडी. माणसाला ऐकू येतं ते कानाला. डोक्यात जाईलच याची खात्री नसते.

आणि मग पत्र आलं.

गेमच्या कंपनीला तीसेक वर्षांनी जाग आली होती. जुना गेम नव्याने काढायचा घाट घातला होता आणि त्याआधी अंगण झाडून घ्यावं तसं हौशी लोकांना झाडायला काढलं होतं. वकिली पत्र, आणि सोबत चार पानांचा अर्ज. आपण आमच्या मालकीच्या कलाकृतीत विनापरवाना फेरफार केला आहे, दहा दिवसांत तो काढून टाका, सर्व प्रती नष्ट करा, सोबतचा अर्ज भरून पाठवा. आणि अगदी तळाशी: अपूर्ण माहिती दिल्यास ती लपवली असे समजून पुढील कारवाई केली जाईल.

हे शेवटचं वाक्य जणू त्याच्यासाठीच लिहिलेलं होतं. दुसऱ्या कुणाला कोर्टाची भीती वाटली असती. याला अपूर्ण माहितीची वाटली. शिवाय थोडं ओळखीचंही वाटलं. एकोणीस वर्षं तो हेच वाक्य लोकांना ऐकवत होता.

पहिली तीन पानं त्याने एका बैठकीत भरली. मॉड काढून टाकला. तीन प्रती होत्या, तिन्ही पुसल्या, 'प्रती नष्ट केल्याचा तपशील' या रकान्यात तिन्हींची वेळ मिनिटासकट लिहिली. चौथ्या पानावर तक्ता होता. 'सहभागी व्यक्ती.' पूर्ण नाव. पत्ता. नोकरीचे ठिकाण. आणि मग सहा ओळींची जागा: 'सहभागाचे स्वरूप'.

बायको पाठीमागे उभी राहून वाचत होती. "अहो, तिला विचारा तरी आधी."

"तिला कशाला उगाच काळजी? मी आहे ना निस्तरायला."

"तिचंच नाव लिहिताय, आणि तिलाच विचारायचं नाही? ही कुठली रीत?"

"खोटं लिहू का मग? रिकामं सोडू?"

रिकामं सोडण्याची गोष्ट या घरात काढण्यात अर्थ नव्हता.

त्याने बहिणीचं पूर्ण नाव लिहिलं. पत्ता लिहिला. स्टुडिओचं नाव लिहिलं. आणि सहभागाच्या रकान्यापाशी आल्यावर त्याला काय झालं कोण जाणे. घाबरलेला माणूस एकदम मोकळा झाला. लिहिलं: या मॉडमधील सर्व, म्हणजे तीनशे बारा आवाज माझ्या बहिणीने केले आहेत. मग हात थांबेना. सहा ओळी संपल्या तशी त्याने पुरवणी जोडली. हातमोज्याचे पक्षी, पट्ट्याचा दोर, सगळं सांगितलं. लिहिलं की मी बांधलेले धक्के कुणीही बांधले असते, पण हे गाव तिच्यामुळे जिवंत झालं. लिहिलं की धुक्यातून नाव येते तेव्हा काही दिसायच्या आधी तिचं पाणी ऐकू येतं, आणि ते मी शंभरदा ऐकलं तरी अंगावर काटा येतो. लिहिलं की आपल्या कंपनीला नव्या गेमसाठी याहून चांगला कान मिळणार नाही.

हो, अशी वेडी आशाही होती त्याच्या मनात. वाचून त्यांचं मन वळेल, टिटवीला काम देतील. भोळेपणालाही काही हद्द असते, पण घाबरलेल्या माणसाची ती कुठे असते ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

आठवड्याने उत्तर आलं. 'आपण दिलेल्या संपूर्ण माहितीबद्दल आभारी आहोत. आपल्याविरुद्ध पुढील कारवाईचा विचार नाही.' त्याने ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. 'संपूर्ण' या शब्दावर जरा जोर देऊन.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत त्याने हीच फुशारकी विमा कंपनीच्या वकीलबाईंपुढे मारली. त्या विम्याच्या खटल्यांसाठी येत, पण इतर कंपन्यांसाठी असली पत्रंही काढून देत. त्यांनी कौतुकाने ऐकलं, आणि मध्येच घास हातात धरून थांबल्या.

"शेवटचं पानही भरलंत?"

"म्हणजे काय! पुरवणीसकट."

"अहो, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं! ते पान कुणी भरत नाही. मॉड काढला की त्यांचं काम संपतं. ते नुसतं घाबरवायला असतं. मी स्वतः अशी दोनशे पत्रं काढली असतील, एकाचंही चौथं पान भरून आलं नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "नोकरीचं ठिकाण नाही ना लिहिलंत?"

त्याने डबा बंद केला. बहिणीला फोन लावला. उचलला नाही. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा लावला. उचलला नाही.

शनिवारी सकाळी ती स्वतःच आली. माइक नव्हता, खांद्याला नुसती पिशवी. वहिनी पाणी घेऊन आली आणि ग्लास ठेवून तिथेच उभी राहिली.

"ती कंपनी आमच्या स्टुडिओची गिऱ्हाईक आहे, दादा," टिटवी म्हणाली. आवाज रडका नव्हता. रडून झालेला होता. "त्यांच्या कुठल्याही गेमला बाहेर हात लावायचा नाही, असं मी सही करून दिलं होतं. म्हणून तर नाव टाकू नकोस म्हटलं होतं तुला."

"मला वाटलं तू लाजतेस."

"मी? मी कधी लाजले रे?"

ती खरोखरच कधी लाजली नव्हती.

"सोमवारी साहेबांनी बोलावलं. त्यांच्यापुढे तुझे कागद होते. मी म्हणणार होते की एखाददुसरा आवाज दिला असेल, भावाच्या हट्टाखातर. ते म्हणाले, इथे तीनशे बारा लिहिलेत." तिने पिशवीतून घडी केलेले कागद काढले. "दुपारपर्यंत दारावरची पाटी काढली. आणि हे क्षेत्र केवढंसं, सगळे सगळ्यांना ओळखतात. आता कुणी दारात उभं करायचं नाही मला."

"मी त्यांना लिहितो. माझी चूक आहे असं कळवतो. मी..."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की वहिनीच्या हातातला ट्रे हलला. "तू आता कुणालाही काहीही लिहू नकोस."

मग तिने विचारलं, "आवाज तरी ठेवलेस ना कुठे?"

त्याने मान खाली घातली. "तिन्ही प्रती पुसल्या. तसं लिहून द्यायचं होतं."

"खरंच पुसल्यास? नुसतं लिहून नाही दिलंस?"

"खरंच."

ती हसली. त्याला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदांची घडी उलगडली, पुरवणीचं पान वर घेतलं आणि वाचू लागली. धुक्यातून नाव येते तेव्हा काही दिसायच्या आधी. तिथे ती थांबली. तिने ते वाक्य पुन्हा, मनातल्या मनात वाचलं; ओठ हलताना दिसले.

"हे खरं वाटतं तुला? की नुसतं रकाना भरायला लिहिलंस?"

"खरं वाटतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"मग मला का नाही बोललास? सहा वर्षं इथे, या खुर्चीत बसत होते मी. तुझ्या तोंडाकडे बघत. त्या लोकांना पानभर लिहिलंस, आणि मला काय? चालेल."

त्याला सांगावंसं वाटलं की घरच्या माणसाचं कौतुक करायचं नसतं असं आपलं वळण. की आपल्याला वाटलं तिला कळत असेल. की हेडफोन काढल्यावर तोंडातून शब्दच फुटत नसे. यातलं एकही कारण उच्चारण्याजोगं नव्हतं.

ती उठली. कागद पुन्हा नीट घडी करून पिशवीत ठेवू लागली.

"ते कशाला नेतेस?" वहिनीने न राहवून विचारलं. "फाडून टाक ना ते."

"स्टुडिओने अनुभवाचा दाखला दिला नाही, वहिनी. आवाज तर गेलेच. माझ्या कामाबद्दल कुणी लिहिलेलं एवढंच आहे माझ्याकडे." तिने पिशवीची चेन लावली. "आणि हे कुणाला दाखवता येत नाही."

ती दारापाशी चपला घालत असताना तो मागोमाग गेला.

"टिटवे," तो म्हणाला, "ते पाणी... तुझ्यासारखं कुणालाच जमलं नसतं गं."

तिने चपलेचा पट्टा ओढून घेतला आणि वर पाहिलं नाही.

"आता नको रे, दादा."