शनिवारचा काळा रंग

आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात वारांची नावं कोणी घेत नाही. सोमवारी फिकट रंग, मंगळवारी पिवळा, मग गुलाबी, निळा, शुक्रवारी गडद लाल आणि शनिवारी काळा. फिकटाकडून गडदाकडे गेलं की मधे यंत्रं धुवावी लागत नाहीत. शनिवारी काळा उरकला की रविवारी सगळं घासूनपुसून सोमवारी पुन्हा फिकटापासून सुरुवात. त्यामुळे 'गुलाबीला ये' म्हटलं की बुधवारी यायचं, हे नव्या माणसालाही आठवड्याभरात कळतं.

हा क्रम काकांनी लावला. काका म्हणजे आमच्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि कारखान्याचे मुख्य रंगारी. कढईत कोपर बुडवून पाणी किती गरम आहे ते सांगतात, आणि एखाद्या अंशाच्या वर चुकत नाहीत. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, ऑफिस सांभाळतो. मी सांडपाणी साफ करते. रंगाचं पाणी माझ्या टाक्यांतून जातं, तिथे त्यातला मळ बसतो आणि मग ते मागच्या पाइपातून नदीत पडतं. काय काम करता, असं कोणी विचारलं की मी सांगते, चाळीस माणसं घाण करतात आणि मी एकटी निस्तरते. लोक हसतात. मी विनोद करत नसते.

पूर्वी पर्यावरण विभागाचे तपासनीस वर्षातून दोनदा यायचे, आणि तेही आधी फोन करून. फोन आला की काका काळ्याचा दिवस पुढे ढकलायचे. पाहुण्यांना फिकट गुलाबी पाणी दाखवायचं, पाहुणे बाटली भरून न्यायचे, सगळे खूश. मी सोडून. शनिवारच्या पाण्याला माझ्या टाक्या पुरत नाहीत, हे मी वीस वर्षं घसा फोडून सांगत होते. दादा म्हणायचा, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मग नवा कायदा आला. पाइपाच्या तोंडाशी मीटर बसलं. दर पंधरा मिनिटांनी त्याचा आकडा थेट विभागाकडे जातो आणि आमच्या फाटकावरच्या फलकावरही झळकतो. मळ अडीचशेच्या आत असेल तर आकडा हिरवा, वर गेला की लाल. आणि आकड्याखाली जबाबदार माणसाचं नाव. म्हणजे माझं. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मी मात्र मनातून खूश होते, कारण माझं कोणी ऐकत नव्हतं ते आता आकड्याचं तरी ऐकतील.

पहिले तीन शनिवार लाल गेले. मी प्रत्येक वेळी विभागाला कळवलं आणि कागद दादाच्या टेबलावर नेऊन आपटला. "बघू," दादा म्हणाला. चौथ्या शनिवारी आकडा हिरवा आला. पाचव्याही, आणि त्यापुढेही. मी टाकीतल्या औषधाचं प्रमाण नुकतंच बदललं होतं, त्यामुळे मला वाटलं हे माझंच कर्तृत्व. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना ते प्रमाण समजावून सांगितलं, कोणी विचारलं नसताना. काका कौतुकाने मान डोलवत होते. ते आठवलं की आजही कान गरम होतात.

या तिमाहीपासून विभागाने आणखी एक नियम काढला: अहवालात मळाबरोबर पाण्याचं तापमानही हवं. मीटर ते पहिल्यापासून मोजत होतं, पण आमच्याकडे कोणी बघत नव्हतं. गुरुवारी मी तापमानाची रेघ छापून काढली आणि कागद हातातच राहिला. आठवडाभर पाणी चौतीस-पस्तीस अंशांचं होतं. शनिवारी अकरा वाजता ते धाडकन चोवीसवर आलं होतं आणि तीन वाजता परत पस्तीसवर गेलं होतं. एक नाही, सलग पाच शनिवार. गरम कढयांतून निघालेलं काळं पाणी एवढं गार होत नाही. माझ्या औषधाने तर नाहीच नाही.

कायदा मला पाठ होता. आपली चूक कळल्यापासून तीन दिवसांत आपणहून कळवली तर दुरुस्तीला मुदत मिळते. लपवलेली चूक त्यांना सापडली तर कारखान्याला कुलूप. आणि खोट्या आकड्याखाली जिची सही, तिचं लायसन्स कायमचं रद्द. सोमवारी कारखान्याच्या परवानगीचं नूतनीकरण होतं. शुक्रवारभर मी मीटर तपासलं. त्यात काही बिघाड नव्हता.

शनिवारी अकराला मी मीटरच्या खोलीचं दार उघडलं. काका स्टुलावर बसले होते. पायाशी निळी बादली, बादलीत पाणी, आणि पाण्यात मीटरची मोजणारी कांडी.

"काका, हे काय?"

"काही नाही गं. जरा विश्रांती देतोय त्याला."

"बादलीत काय आहे?"

"गुरुवारचं पाणी. तूच साफ केलेलं. बाहेरून काही आणलेलं नाही," काका म्हणाले, जणू मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेत होते.

"असं का केलंत?"

काकांनी बादली पायाने जरा मागे सरकवली. मग म्हणाले, "फाटकावर तुझं नाव लिहिलंय. त्याच्या डोक्यावर लाल आकडा. येणारा-जाणारा वाचतो. त्या समोरच्या भाजीवालीने मला विचारलं, तुमच्या पुतणीने काय केलं हो? अगं, काळा मी रंगवतो आणि बट्टा तुझ्या नावाला? मला नाही बघवलं."

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की मी ओरडते. "तो लाल आकडा खरा होता काका! त्याची मला लाज नव्हती. हा हिरवा खोटा आहे आणि तोसुद्धा माझ्याच नावावर आहे. यात माझं लायसन्स जाईल. कारखाना जाईल!"

"कसं जाईल? कोणाला कळणार आहे?"

"काळ्याचं पाणी बाहेर पडताना किती गरम असतं?"

"पस्तीस," काका विचार न करता म्हणाले.

"आणि बादलीतलं?"

काकांनी सवयीने बाही वर केली, कोपर बुडवलं. "चोवीस," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे ऊबही मोजतं?"

"मोजतं."

"मग आधी सांगायचं नाही का!"

मी कांडी उचलून पाइपात सोडली. पुढच्या पंधरा मिनिटांत फलकावर चारशे बाराचा लाल आकडा आला. तो घेऊन मी सरळ दादाकडे गेले.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. उठून त्याने आधी दार लावलं. "परवा परवानगीची सही आहे. परवा! मीटर बिघडलं होतं असं लिही. मीटर काय, कोणाचंही बिघडतं."

"बिघडलं नव्हतं."

"आणि काकांना काय करणार? या वयात विभागापुढे उभं करणार?"

हा घाव वर्मी बसला, कारण तोच प्रश्न मला मघापासून छळत होता. काका हे काम माझ्यासाठी करत होते. पण मी खुर्ची ओढून बसले. "दादा, ही रेघ विभागाकडेही जाते. आज नाही तर उद्या कोणीतरी बघणारच. मी आत्ता कळवतेय. आणि नुसतं रडगाणं नाही गाणार, उपायही सांगणार आहे. मागची जुनी भिजवण्याची टाकी, जिच्यात तू मोडकी रिळं भरून ठेवली आहेस, ती रिकामी कर. शनिवारचं काळं पाणी तिच्यात साठवू आणि सोमवार ते बुधवार, फिकट रंगांच्या दिवसांत, थोडं थोडं माझ्याकडे सोडू. माझ्या टाक्या तेवढं आरामात पेलतील. मी हिशेब करून ठेवलाय."

"कधी केलास?"

"अकरा वर्षांपूर्वी. तू बघू म्हणाला होतास."

मी त्याच्यासमोरच विभागाचा अर्ज उघडून भरला. 'हे कृत्य कोणी केले' या रकान्यापाशी माझा हात थांबला. तिथे मी 'सोमवारी समक्ष सांगते' असं लिहिलं आणि साडेबारा वाजता अर्ज पाठवला. दादा खिडकीतून बाहेर बघत बसला होता, पण त्याने मला अडवलं नाही.

सोमवारी विभागाच्या दारात काका आमच्या आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. दादाने सांगितलं असणार.

"त्या रकान्यात माझं नाव का नाही घातलंस?" काका मला म्हणाले. "मला लिहिता येतं."

आत तपासनीस बाई होत्या. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान, पण टेबलावर एक कागदही वाकडा नाही. त्यांनी माझा अहवाल वाचला. काकांनी त्यांच्याकडे पेन मागितलं आणि रकान्यात आपलं पूर्ण नाव घालून खाली सही केली. बाईंनी विचारलं, का केलंत, तेव्हा काकांनी भाजीवालीसकट सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खण उघडून एक कागद काढला आणि आमच्यापुढे ठेवला. आमचीच तापमानाची रेघ होती. पाच शनिवारांभोवती लाल गोल काढलेले होते.

"बुधवारी आम्ही तुमच्याकडे येणार होतो," बाई म्हणाल्या. "कुलूप घेऊन."

दादाने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

निकाल तासाभरात लागला. टाकीसाठी नव्वद दिवस. ती होईपर्यंत काळा रंग निम्माच करायचा आणि आकडा लाल झाला की तासाभरात कळवायचं. पाच खोटे शनिवार तिमाहीभर फलकावर 'खोटे' म्हणूनच दिसतील, माझ्या नावाखाली. माझ्या लायसन्सवर वर्षभराचा शेरा. पण लायसन्स माझ्याजवळ राहिलं होतं.

"आणि मीटर पेटीत बंद राहील," बाई म्हणाल्या. "दोन किल्ल्या, दोघांची सही. एक तुम्ही. दुसरी व्यक्ती कारखान्यातलीच, पण मालक नको. नाव सांगा."

"काका," मी म्हणाले.

दादाला ठसका लागला. बाईंनी पेन खाली ठेवलं. "ज्यांनी बादली लावली, तेच?"

"मीटरला कसं फसवायचं हे आमच्याकडे एकट्या त्यांनाच माहीत आहे. दुसरं कोणी फसवायला गेलं तर पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात येईल. आणि ते पुन्हा तसं करणार नाहीत."

"कशावरून?"

"आता नाव त्यांचंही असेल."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका शाळेत उभं केल्यासारखे ताठ उभे होते. मग बाईंनी काकांचं नाव लिहून घेतलं.

त्या आठवड्यात दादाने स्वतः बाह्या सरसावून रिळं बाहेर काढली. माणसांना सांगायचं सोडून स्वतः काढली, हे मुद्दाम नोंदवते. शनिवारी अकराला मी जुन्या टाकीत उतरून भेगा बुजवत होते. आणखी दोन शनिवार, की टाकी भरायला घेता येणार होती. त्यानंतर आकडा दोनशेच्या वर जाणार नाही, हे मी कोणालाही लिहून द्यायला तयार होते. पण त्या दिवशी टाकी नव्हती. निम्मा का होईना, काळा कढईत होता आणि मीटरपाशी काका एकटे होते. मी तिथे जायचं नाही असं ठरवलं होतं. मन मात्र दर पाच मिनिटांनी जाऊन येत होतं.

पावणेबाराला राहवलं नाही. टाकीतून वर आले आणि फाटकाकडे निघाले. फलक लांबूनच दिसला. दोनशे एकसष्ट. लाल. त्याखाली दोन नावं, माझं आणि काकांचं. आकड्याशेजारी 'विभागास कळवले, अकरा छत्तीस'. मी घड्याळ पाहिलं. लाल आकडा साडेअकराला आला होता आणि सहा मिनिटांत त्यांनी कळवलं होतं.

काका फलकाखालीच उभे होते, भाजीवालीशी बोलत. पाठ माझ्याकडे.

"आज परत लाल का हो?" तिने विचारलं.

"लालच आहे," काका म्हणाले. "खरा आहे. खाली नाव वाच, माझं आहे."

मग त्यांना माझी चाहूल लागली. ते वळले. उजवी बाही खांद्यापर्यंत वर केलेली होती आणि कोपरावरून काळं पाणी ठिबकत होतं.

"चौतीस," ते म्हणाले. "बुडवून बघितलं. मीटर बरोबर दाखवतंय."