पडद्याआडची मगरीब

कोरोनात कसब्यातल्या त्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले आणि चांदभाईंची मशीद सुटली. उभ्या आयुष्यात ज्यानं मगरीबची नमाज घरात पढली नव्हती, तो माणूस रमजानात रोज संध्याकाळी खजूर तोंडात टाकून बाहेरच्या खोलीत चटया अंथरू लागला. शेजारी मुलगा अरफात, मागे बायको अमिनाबी. आणि मुलगी यास्मिन? यास्मिन स्वयंपाकघरात, पडद्याआड, घासलेलीच भांडी पुन्हा घासत.

ओटीपोटात पिळे पडत तिच्या. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं एन्डोमेट्रिऑसिस; घरात त्याला 'यास्मिनचं पोट' म्हणत. मार्चअखेरीला ठरलेलं ऑपरेशन कोरोनानं बेमुदत लांबवलं. फोन केला की दवाखान्यातली बाई म्हणे, "तातडीचं नाही ना मॅडम? मग थांबा." ती थांबेल हो, रक्त कुठं थांबत होतं? महिना होत आला होता. आणि रक्त जातंय तोवर बाईनं नमाज पढायची नाही, एवढं या घरात पक्कं ठाऊक. त्यापुढचं कुणी विचारलंच नव्हतं. विचारणार कोण, आणि कुणाला!

लहानपणी अब्बांचं बोट धरून ती मशिदीच्या पायरीपर्यंत जायची. तिथून अरफात आत जाई आणि ती घरी परत येई. अब्बांच्या मागे एकदा तरी उभं राहायचं, ही आस तेव्हापासूनची. आता त्यांचा आवाज पडद्याच्या पलीकडे होता. तिचा जीव तुटायचा. एकदा का मशीद उघडली की ही घरातली रांग मोडणार, हेही तिला कळत होतं.

"यास्मिन कुठंय?" अब्बांनी एकदा विचारलं.

"भजी तळतेय," अमिनाबी म्हणाल्या.

इफ्तार उरकल्यावर कसली भजी!

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गॅलरीत पाठमोरे उभे राहून कितीतरी वेळ फोनवर हळू आवाजात बोलत होते. दुकानाचं काहीतरी असेल, असं यास्मिनला वाटलं. संध्याकाळी खजूर खाऊन झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि फ्रीजकडे बघत म्हणाले, "मी मौलानांना विचारलं. तुझे नेहमीचे दिवस सोडून जे रक्त जातं, ते आजाराचं. आजारानं नमाज अडत नाही. दर नमाजेला वजू नव्यानं करायचा, बास."

बाईच्या रक्ताचा शब्द अब्बांच्या तोंडून त्या घरात पहिल्यांदाच निघाला होता. अरफातनं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. अमिनाबींनी ओढणी तोंडाशी धरली.

"अब्बा, तुम्ही हे विचारलंत?" यास्मिनला रडू फुटलं.

"मग काय, रोज भजीच खात बसू? चल, वेळ होतेय."

ती हातपाय-तोंड धुऊन, वजू करून बाहेर आली. अमिनाबींच्या शेजारी अब्बांनी दुकानातलं स्टूल आणून ठेवलं होतं. ती आधी उभी राहिली. कळ आली तशी बसली. समोर अब्बांची पाठ होती, कुर्त्याला खांद्यापाशी अम्मीनं घातलेलं ठिगळ होतं. आवाज तोच होता, पण आता मध्ये काही नव्हतं.

नमाज झाल्यावर तिनं हात उचलले. मागायचं ते ठरलेलं होतं: हे दुखणं जाऊ दे, ऑपरेशन लवकर होऊ दे. ओठांवर मात्र भलतंच आलं. मशीद एवढ्यात उघडू नको देऊस.

ती दचकली, तौबा तौबा म्हणाली. आणि पुन्हा तेच मागितलं.