आज्ञापालनात कसूर

खैरटोल्याच्या शाळेतलं स्काउटचं पथक पोस्टमास्तरकडे आलं, यात कोणाचीच चूक नव्हती. नऊ शिक्षकांपैकी दोघांचे गुडघे दुखत होते, तिघांकडे मतदारयाद्या होत्या, एकाकडे पोषण आहार होता, आणि उरलेल्या तिघांनी शनिवारी दुपारी आपल्याला घर असतं असं स्वच्छ सांगितलं. घर लीलाधर रहांगडालेलाही होतं. पण तो गावचा शाखा डाकपाल, शाळेचा माणूस नव्हे. त्यामुळे हे सांगायला तो बैठकीत नव्हता. ठराव एकमताने पास झाला.

त्याला सोळा वर्षं झाली. स्वयंसेवक म्हणजे ज्याला पगार नसतो पण खुलासा लेखी द्यावा लागतो असा माणूस, ही व्याख्या लीलाधरने स्वतःच केली होती आणि ती त्याला आवडायची. करडा शर्ट, निळी पँट, गळ्यात स्कार्फ आणि दोरीला शिट्टी लावून तो शनिवारी चौकातून निघाला की पानठेल्यावरचं कोणी तरी विचारायचंच, "कोन्या बँकेत लागला गा मास्तर? एटीएमवर का आतमंदी?"

पालकांचं म्हणणं वेगळं होतं. गाठी बांधायला शिकून पोराला नोकरी लागते का, हा त्यांचा प्रश्न. आणि लागत नाही, हे लीलाधरचं उत्तर. तरी पोरं यायची, कारण शनिवारी दुपारी खैरटोल्यात दुसरं काहीच नसतं. प्रतापगडच्या जत्रेत हे पथक हरवलेली लेकरं शोधून त्यांच्या आयांच्या हवाली करायचं. एका वर्षी एकोणीस लेकरं सापडली होती. त्यातलं एक हरवलेलं नव्हतंच, नुसतं उभं होतं. पण तेही पोचवलं.

पथकाची खरी ख्याती मात्र शिट्टीची होती. स्काउटमध्ये बोलून आज्ञा देत नाहीत, शिट्टीने देतात. लांब, संथ शिट्ट्या सलग वाजल्या की पांगायचं. तुटक, घाईच्या शिट्ट्या वाजल्या की जिथे असाल तिथून धावत येऊन टोळीटोळीने रांगेत उभं राहायचं, आणि पुढची शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही. लीलाधरने मैदानावर हे इतकं घोटून घेतलं होतं की कबड्डी अर्ध्यावर टाकून, तोंडातला घास तसाच ठेवून पोरं अकरा सेकंदांत रांगेत यायची. जिल्ह्याच्या मेळाव्यात आज्ञापालनाची ढाल सलग तीन वर्षं खैरटोल्याला मिळाली. परीक्षकांनी विचारलं, हे कसं काय जमवलं? लीलाधर म्हणाला, सवय. विचार करायला वेळच द्यायचा नाही.

गेल्या नोव्हेंबरात, धानाची कापणी उरकल्यावर, तो तेवीस पोरं घेऊन तलावापलीकडच्या टेकडीवर गेला. एक दिवसाची सहल. परवानगीचं पत्र होतं, पालकांच्या सह्या आणि अंगठे होते, प्रथमोपचाराची पेटी होती. दुपारी चुलीवर खिचडी करायची होती, कारण उघड्यावरचा स्वयंपाक हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. काड्या ओलसर होत्या, धूर फार झाला. वर अर्जुनाच्या फांदीखाली आग्या माश्यांचं सुपाएवढं पोळं लोंबत होतं. ते कोणी पाहिलं नाही. पाहायचं काम लीलाधरचं होतं.

माश्या उठल्या तेव्हा पोरं पळाली. न सांगता, न शिकवता, जशी पळायला हवी तशी, चारी दिशांना. कोणी झुडपात घुसलं, कोणी तलावाकडे निघालं. लीलाधरने शिट्टी तोंडात धरली. त्याला लांब शिट्टी वाजवायची होती. पण लांब शिट्टीला छातीत भरपूर हवा लागते, आणि भ्यालेल्या माणसाचा श्वास लांब चालत नाही. शिट्टी तुटक वाजली. पुन्हा फुंकली, पुन्हा तुटक. तिसऱ्यांदा आणखी तुटक.

आणि पोरं परत आली.

सगळी नाही, पण अठरा आली. धुरात, माश्यांत, टोळीटोळीने रांगेत उभी राहिली. पहिल्या टोळीचा नायक कुशल मडावी, वय बारा, आपली पाच पोरं मोजत होता. एक हलायला लागलं तर त्याचा हात धरून त्याने त्याला सरळ उभं केलं. लीलाधर ओरडला, "पळा! पळा रे!" पण पथकात तोंडाने आज्ञा देत नाहीत, आणि स्काउट मास्तर असा किंचाळताना कोणी ऐकला नव्हता. ते कळायला पोरांना जरा वेळ लागला. कुशलने आपली पाच पोरं आधी सोडली. तो शेवटी निघाला.

तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. बाकीची पोरं आठवड्याभरात सुजलेली तोंडं घेऊन घरी आली.

चौकशी समिती नेमली गेली. समितीचे साहेब सभ्य होते. त्यांनी चहा नाकारला आणि बिस्किटं घेतली. आधी पोरांचे जबाब झाले. बावीस पोरांनी, वेगवेगळ्या बाकांवर बसून, एकच वाक्य लिहिलं, की सरांनी लांब शिट्टी वाजवली. व्हरांड्यात दुसऱ्या टोळीचा विक्की लीलाधरजवळ आला. त्याचा डावा डोळा अजून पूर्ण उघडत नव्हता.

"सर, आम्ही सगळे लांबच लिवलो."

"कोन सांगितलं तुमाले?"

"कोनी नाही. नियम हाय ना सर. स्काउट निष्ठावान असते."

त्याच्या आधीचा, पहिला नियम असा आहे की स्काउट विश्वसनीय असतो. तोही लीलाधरनेच पाठ करून घेतला होता. पण दोन नियमांची गाठ पडली तर कोणता पाळायचा, हे पुस्तकात दिलेलं नाही.

आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, "आपण शिट्टी नियमानुसार वाजवली ना?"

लीलाधरने तोंड उघडलं, तेवढ्यात मुख्याध्यापक चैतराम सरांनी मान हलवली. "नियमानुसारच साहेब. ढाल आहे आमच्याकडे. तीन."

मग चैतराम सरांनी त्याला खिडकीशी नेलं. "लीलाधरजी, जरा समझून घ्या. तुम्ही चुकले असं लिहिलं तर शाळा जाते, पथक जाते, तुमची डाकपाली जाते. आणि त्यानं पोरगा येते का परत? येत नाही. मंग?"

या युक्तिवादात खोट काढायला जागा नव्हती. जबाब टाइप होऊन तयारच होता. लीलाधरने सही केली. सही नेहमीसारखी आली, याचंच त्याला नंतर नवल वाटत राहिलं.

पुढच्या आठवड्यात एक परिपत्रक आलं, की यापुढे सर्व स्काउट मास्तरांनी मधमाश्यांविषयी ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं. लीलाधरने ते पूर्ण केलं. त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले.

फेब्रुवारीच्या शेवटी डाकेच्या थैलीत एक स्पीड पोस्ट आलं. पाठवणारी चौकशी समिती, घेणारा दसरू मडावी, मुक्काम खैरटोला. आत अहवालाची प्रत. टपाल ठरल्या वेळेत पोचवायचं असतं, आणि खैरटोल्यात वाटपाला वेगळा माणूस नाही. शाखा डाकपालच वाटतो. लीलाधरने ते पाकीट एक दिवस टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलला किक मारली.

दसरूचं घर गावाच्या टोकाला, जंगलाला लागून होतं. दसरू उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, वनखात्याच्या कामावर जायचा, आणि मधाचं पोळं उतरवण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या पाच गावांत नव्हता. अंगणात त्याची बायको चमेली बोरं वाळत घालत होती.

"काय आनला गा मास्तर?" दसरूने घरातून बाहेर येत विचारलं.

"कागद आला. चौकशीचा." लीलाधरने मोबाईल पुढे केला. दसरूने पडद्यावर बोटाने एक वाकडी रेघ ओढली. ती सही झाली.

दसरूने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "वाच."

वाचता न येणाऱ्याला टपाल वाचून दाखवायचं, हा इथला जुना रिवाज. नियमात तो कुठेच नाही, पण डाकपालाने नाही म्हटलेलं कोणी ऐकलेलं नाही. दोन वर्षांपासून या घराला त्याची गरज नव्हती. या घराचे कागद कुशल वाचायचा.

लीलाधरने पाकीट फाडलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर ती ओळ आली. दसरूला अक्षर येत नव्हतं. त्या ओळीच्या जागी काहीही वाचता आलं असतं. लीलाधरने जे होतं तेच वाचलं.

"सदर विद्यार्थ्याने टोळीनायक असूनही, स्काउट मास्तर यांनी पांगण्याची शिट्टी दिल्यावर, आज्ञापालनात कसूर केली व जागेवर थांबून राहिला. तसेच इतर पाच विद्यार्थ्यांना थांबवून ठेवले."

"कसूर म्हंजे?"

"चूक."

"कोनाची?"

"यात कुशलची लिवली आहे."

चमेलीचा हात बोरांवर थांबला. दसरू उंबऱ्यावर टेकला.

"मी बी तेच म्हनून राहिलो मास्तर, तीन महिने. पोरगा पळाला काऊन नाही? सहा वर्षांचा होता तवापासून संगं नेलो मी त्याले पोळ्यावर. माशी उठली का कोनाची वाट पाहू नोको, बापाची बी नोको. एकटा पळ, झुडपात घुस, तोंड झाक. शंभरदा सांगतलो. कसा विसरला?" त्याने डोक्यावरून हात फिरवला. "मले वाटे, मीच बरोबर शिकवलो नाही."

लीलाधरने कागदाची घडी केली. मग उघडली. पुन्हा केली.

"विसरला नव्हता."

"मंग?"

"पळाला होता दसरू. सगळ्यात पुढं थोच होता. त्या झुडपापरेंत गेला होता. मी शिट्टी वाजवलो, म्हनून परत आला."

"पळाची वाजवला ना तू? कागदात तं..."

"कागद खोटा आहे. ज्या जबाबावरून लिवला, त्याच्यावर सही माझी आहे."

मग त्याने दोन शिट्ट्यांतला फरक सांगितला. लांब कोणती, तुटक कोणती, त्या दिवशी कोणती वाजली. दसरूने सगळं नीट ऐकून घेतलं, वनखात्याच्या साहेबाचं ऐकतो तसं, मान न हलवता.

"जमा व्हाची वाजली. आन् थो जमा झाला."

"हो."

"माश्यांत."

"हो."

"मी सहा वर्षं सांगतलो ते सोडून."

लीलाधरने अहवाल पाकिटात परत घातला.

चमेली उठली. तिने हात पदराला पुसले आणि प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. "हे आता जे बोलला ना तू, ते कागदावर लिव."

"वहिनी..."

"लिव म्हनतो ना. गावात लोक म्हनतात, मडाव्याचा पोरगा आयकला नाही म्हनून मेला. माझा पोरगा आयकला. लिव."

लीलाधरने थैलीतून कोरा कागद काढला आणि मोटारसायकलच्या सीटवर ठेवून लिहायला लागला. अक्षर सुबक होतं. फलक रंगवायची कामं शाळा त्यालाच द्यायची. पाच ओळी झाल्यावर त्याने त्या वाचून दाखवल्या. माझ्याकडून चुकीची शिट्टी वाजली. कुशलने ती ऐकली. मुलांचे जबाब मला वाचवण्यासाठी आहेत. त्यांना दोष देऊ नये. माझा जबाब खोटा आहे.

"तो शब्द घाल," चमेली म्हणाली.

"कोन्ता?"

"कसूर. त्यायनं माझ्या पोरावर घातला ना. तू आपल्यावर घाल."

त्याने घातला. खाली नाव, हुद्दा, तारीख लिहिली. हुद्दा दोनदा लिहिला, एकदा डाकपाल आणि एकदा स्काउट मास्तर, कारण कोणत्या नात्याने हे लिहितो आहोत ते त्याला ठरवता येईना.

दसरूने कागद घेतला, घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. "हे ठाण्यात देवाले लागते?"

"लागते."

"तुले धरतील?"

"धरतील. केस होईल."

"ठाणा कोठी हाय?"

"तालुक्याले."

"बस?"

"बस दोनले गेली. आता उद्या सकाळी."

दसरूने आकाशाकडे पाहिलं. ऊन अजून पुष्कळ होतं. तो आत गेला आणि शर्ट घालून आला, धुतलेला, बाजारचा. बाहेर येऊन मोटारसायकलपाशी उभा राहिला. उद्यापर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती, आणि त्याच्याकडे गाडी नव्हती.

लीलाधरने किक मारली. "बसा," असं म्हणावं की "बस," हे न कळून तो काहीच बोलला नाही. दसरू मागे बसला. अंगणाच्या कडेला चमेली उभी होती. तिने दोघांपैकी कोणालाच जपून जा म्हटलं नाही.

तालुका चोवीस किलोमीटर आहे आणि रस्ता तीन वर्षांपूर्वी मंजूर झाला आहे. पहिल्या दोन खड्ड्यांत दसरूने सीटच्या मागची कडी घट्ट धरून ठेवली. तिसरा खड्डा मोठा होता. तिथे त्याला लीलाधरच्या खांद्याला धरावं लागलं, आणि पुढे रस्ता तसाच असल्याने हात त्याला तिथून काढता आला नाही.