दादाचा नवा पत्ता

नऊ नंबरचे बूट. पासवर्डच्या जागी कुत्र्याचं नाव. दुसरा मजला, डावीकडचं दार.

बुटांच्या दुकानातून चोरलेली गिऱ्हाइकांची माहिती कुणीतरी नेटवर विकायला काढली होती. ती ताजी की जुनीच, हे तपासून तिने साहेबांना सांगायचं होतं.

"तारखा गेल्या महिन्यातल्या आहेत की," साहेब म्हणाले.

"तारखा काय, कुणीही बदलतं."

प्रत्येक यादीत शोधायची तसं तिने सवयीने याही यादीत दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या दादाचं नाव शोधलं. नवा पत्ता मिळेल, ही आशा सुटत नव्हती. दादाने महिन्यापूर्वी बूट मागवले होते म्हणे, आणि ते पोचले होते तिच्याच दारात. तिच्या दारात तर तो गेल्यापासून चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

"जुनीच आहे, साहेब. शिळ्या कढीला ऊत."

दादा गेला त्या सकाळी त्याने नेहमीसारखाच दोघांचा चहा केला होता.