दक्षिणेकडे तोंड करून बसलेला काचेचा गोळा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. अशी एक जागा डोळ्यांपुढे आणा, जिथे डिसेंबरात सूर्य मावळतच नाही. खांबाला हात धरून एखादं मूल गोल गोल फिरावं, तसा तो आकाशात तुमच्याभोवती फिरत राहतो. आता कल्पना करा, की तुम्ही आणि तुमचा भाऊ एका उंच लोखंडी खांबावर पाठीला पाठ लावून बसला आहात. भाऊ उत्तरेकडे पाहतो, तुम्ही दक्षिणेकडे. मान वळवता येत नाही. येणारे जाणारे सगळे भावाच्या बाजूने येतात, त्याच्याशी बोलतात आणि निघून जातात. बसलात ना तसे? मग आता माझी गोष्ट तुम्हाला नीट कळेल.

मी एक जुना काचेचा गोळा आहे. मोसंबीएवढा, पण वजनाने चांगलाच जड. इंग्लंडमधल्या एका कारखान्यात मला आणि माझ्या भावाला एकाच दिवशी घडवलं, एकाच पेटीत लाकडाच्या भुशात गुंडाळलं आणि ऑस्ट्रेलियाहून निघालेल्या लाल जहाजाने आम्हाला अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर उतरवलं. हार्कनेस नावाचं छोटं संशोधन केंद्र होतं तिथे. पाच-सहा लाकडी घरं, एक वीजघर, बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची रांग आणि वीसेक माणसं.

आमचं काम सोपं होतं. गोळ्यामागे निळ्या जाड कार्डाची पट्टी अडकवलेली असे. ऊन माझ्यातून गेलं की एका बिंदूवर गोळा होई आणि कार्ड जळत जाई. ऊन असेल तेवढा वेळ तपकिरी रेघ, ढग आले की कोरी जागा. त्या रेघा मोजून शास्त्रज्ञ सांगत, की आज इतके तास ऊन पडलं. इतर देशांत या कामाला एकच गोळा पुरतो. इथे उन्हाळ्यात सूर्य चोवीस तास फिरतो, म्हणून दोन लागतात. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा भावाचं काम, उरलेलं माझं.

काम वाटून दिलं होतं, मान मात्र वाटून दिला नव्हता. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेला सूर्य येतच नाही. तेवढे महिने माझ्या डोक्यावर कॅनव्हासची टोपी चढवून ठेवत, आणि भाऊ मात्र वर्षभर मिरवायचा.

जुलैची तर मला आठवणही नको वाटते. हिवाळ्यात काही आठवडे सूर्य अजिबात उगवत नसे. तो परतला, की भावाच्या कार्डावर पहिला डाग कधी उमटतो हे पाहायला सगळं केंद्र खांबाखाली जमे. हार्कनेसला भांडी घासायची पाळी सगळ्यांना असे, केंद्रप्रमुखालाही. पहिला डाग ज्याला दिसेल, त्याला आठवडाभर भांडी माफ. मग काय, धक्काबुक्की, हसणं, भावाच्या नावाने चहाचे पेले उंचावणं. मी टोपीखालून सगळं ऐकत असे. मित्रांनो, खरं सांगतो, एकदा हिमवादळात भावावर बोटभर बर्फ चढला आणि त्याचं कार्ड कोरं राहिलं, तेव्हा मला आनंद झाला होता. सख्ख्या भावाचं काम बुडालं म्हणून आनंद. आज सांगतानाही लाज वाटते.

अशी तेरा वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात मुख्य कचेरीकडून रेडिओवर निरोप आला. ‘दक्षिणेच्या गोळ्याच्या रेघेत गेल्या उन्हाळ्यापासून पहाटे चार ते साडेपाच खंड पडतो. काचेला तडा असावा. काढून याच जहाजाने परत पाठवा.’

मला तडा नव्हता. पण मी बोलणार कसा? जहाज किनाऱ्याला लागलेलं होतं. सामान उतरत होतं. तीन दिवसांनी ते परत निघणार होतं आणि माझी पेटीही तयार झाली होती. भाऊ राहणार, मी जाणार.

त्याच जहाजाने हवामानाच्या नोंदी घ्यायला डेस्मंड क्वेल नावाचा तरुण आला होता. सगळे त्याला डेस म्हणत. त्याच्याजवळ नोंदी कशा घ्याव्यात याचं पुस्तक होतं. ते लिहिणारा कधी अंटार्क्टिकाला आला नसावा, कारण त्यात लिहिलं होतं, ‘कार्ड रोज सूर्यास्तानंतर बदलावे.’

पहिल्या संध्याकाळी डेसने स्वयंपाकी वॉली पेंडरगास्टला विचारलं, “इथे सूर्य किती वाजता मावळतो हो?”

वॉलीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “आज जरा उशीर होईल असं दिसतंय. खुर्ची घेऊन बस बाहेर. मावळला की कार्ड बदल आणि ये जेवायला.”

डेस खरोखरच खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसला. आठ वाजले, दहा वाजले. जेवणघराच्या खिडकीत एकेक चेहरा येऊन जात होता. वॉलीने सुपाचा वाडगा आणून दिला.

“अजून नाही का मावळला? आळशी आहे मेला,” असं म्हणून तो गेला आणि आत हशा फुटला.

बाराच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या बर्फाच्या टेकडीपर्यंत खाली आला. आता टेकतो म्हणेपर्यंत पुन्हा वर चढू लागला. तेव्हा कुठे डेसच्या डोक्यात प्रकाश पडला. कान लाल झाले त्याचे. पण आता आत जायचं म्हणजे त्या हशात जायचं. तो तसाच बसून राहिला, अंगाभोवती कोट घट्ट ओढून, माझ्याकडे पाहत. तेरा वर्षांत एवढा वेळ माझ्याकडे कोणीही पाहिलं नव्हतं.

तीन वाजता माझा बिंदू कार्डावर तापला आणि रेघ सुरू झाली. चारला वॉली पाव भाजायला स्वयंपाकघरात शिरला. थोड्याच वेळात माझा बिंदू विझला. डेस ताडकन उठला. आकाशात एक ढग नव्हता. मग त्याला आपल्या अंगावर पुसटशी हलती सावली दिसली. त्याने वर पाहिलं. गेल्या वर्षी बांधलेल्या नव्या स्वयंपाकघराच्या उंच धुराड्यातून पांढरी वाफ निघत होती आणि नेमकी सूर्याच्या आणि माझ्या मधून वाहत होती.

सकाळी त्याने जुनी कार्डं चाळली आणि केंद्रप्रमुख हॅलोरनसाहेबांकडे जाऊन वाफेचं सांगितलं. ते जेवणघराच्या दारातच उभे होते.

“कचेरी म्हणते तडा, तू म्हणतोस पाव. मी कचेरीला काय कळवू? पावाने ऊन खाल्लं म्हणून?”

“साहेब, रविवारी पाव भाजत नाहीत. रविवारच्या एकाही कार्डावर रेघ तुटलेली नाही.”

“रविवारी तुझ्या आधीचा माणूस उशिरा उठत असेल.”

“माणूस उशिरा उठला तरी गोळा उठलेलाच असतो, साहेब.”

आतून वॉली ओरडला, “माझा पाव बंद केलात, तर पेटीत गोळा जाणार नाही, केंद्रप्रमुख जातील. पोरंच उचलून ठेवतील.”

हॅलोरनसाहेब हसले नाहीत, पण ओठ हलले. “एक दिवस देतो. उद्या संध्याकाळी जहाज निघेल. सिद्ध कर, नाहीतर पेटीला खिळे ठोकतो.”

डेसने विचार केला आणि आम्हा दोघांनाही खांबावरून उतरवलं. भावाला माझ्या जागी बसवायचं आणि मला भावाच्या. दोष माझ्या काचेत असेल, तर माझ्या जागी भावाची रेघ अखंड येईल. दोष जागेत असेल, तर त्याचीही तुटेल.

मित्रांनो, उत्तरेची जागा. तेरा वर्षं जिच्यासाठी मी जळलो होतो, ती मला मिळणार होती. पण त्याआधी डेसने आम्हाला पुसायला टेबलावर समोरासमोर ठेवलं, आणि मी पहिल्यांदा माझ्या भावाचं तोंड पाहिलं.

ओरखड्यांनी भरलं होतं ते. हिवाळाभर रोज त्याच्यावर बर्फ साचायचा. मऊ फडकं आणि स्पिरिट घेऊन पुसायचं, असा नियम होता. पण उणे तीस अंशात हात गारठलेले आणि आत चहा वाट पाहणारा. कोणी चाकूने खरवडलं, कोणी चमच्याने, कोणी पट्ट्याच्या बक्कलने. एका बाजूला तर टवका उडाला होता. मी टोपीखाली रुसून बसलो होतो, तेव्हा माझा भाऊ हे सोसत होता. मी मात्र कालच घडवल्यासारखा नितळ होतो. त्या टेबलावर त्याच्यात माझं उलटं प्रतिबिंब दिसत होतं आणि माझ्यात त्याचं. मला त्याची नजर चुकवावीशी वाटली, पण काचेच्या गोळ्याला तेही जमत नाही.

त्या दिवशी मी उत्तरेचं ऊन प्यालो. रेघ सरळ, गडद, अखंड उमटली. सुख झालं, नाही म्हणत नाही. पण सारखं मनात येत होतं, की पहाटे भावाची रेघ तुटली नाही, तर मी जाईन, आणि तुटली, तर आम्ही दोघे राहू. आयुष्यात प्रथमच त्याचं आणि माझं भलं एकाच गोष्टीत होतं.

वॉलीने चारला पाव भाजायला घेतला. सहाला डेसने दोन्ही कार्डं काढून हॅलोरनसाहेबांच्या नाश्त्याच्या ताटाशेजारी ठेवली. भावाची रेघ चार वाजता तुटली होती आणि साडेपाचला पुन्हा सुरू झाली होती.

साहेबांनी गरम पावाचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. “पाव चांगला झालाय,” ते म्हणाले. “खांब हलवा.”

शनिवारी सगळ्यांनी मिळून खांब टेकाडावर नेला. जहाज माझ्याविना गेलं. डेसने आम्हाला आपापल्या जागी बसवलं आणि खांबाला तारेने एक डबा बांधला. त्यात मऊ फडकं आणि स्पिरिटची बाटली होती. डब्यावर त्याने लिहिलं होतं, ‘चाकू लावणाऱ्याला महिनाभर भांडी.’ पुढच्या जुलैत टोपीखालून मी तोच गलका ऐकला. हेवा वाटलाच. सवय एकदम सुटत नाही. पण मी कानही दिला, की कोणी खरवडत तर नाही ना.

पुढे वीसेक वर्षांनी आमच्या जागी आपोआप नोंदी घेणारं यंत्र आलं. आम्हाला ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरात आणलं. टवका उडालेला असूनही भाऊ संग्रहालयात गेला. काचेची पेटी, पितळेची पाटी, रोज पाहायला येणारी माणसं. मला तिथेच राहणारा डेस घरी घेऊन आला. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून पडदा जाळला, तेव्हापासून माझ्यावर लोकरी मोजा चढवलेला असतो. पुन्हा टोपीच म्हणा ना. डेस म्हातारा झाला, आणि मी मोज्याखाली त्या काचेच्या पेटीचा हेवा करत राहिलो.

गेल्या आठवड्यात डेसची नऊ वर्षांची नात टॅम्सिन शाळेच्या सहलीला संग्रहालयात गेली होती. आजोबांना ती पॉप म्हणते. आली ती दप्तर न काढताच म्हणाली, “पॉप, तुझा दुसरा गोळा पाहिला. पण तिथे खिडकीच नाहीये.”

“बल्ब असेल की.”

“बल्बने कार्ड जळतं का?”

“नाही गं.”

“मग त्याने किती वर्षं ऊन पाहिलं नाही?”

डेस बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच थांबला. मला वाटायचं, तो तिथे मिरवतोय.

मुलांनो, एवढंच मागणं आहे. काच असो की माणूस, गोठलेलं काही घाईने खरवडू नका, मऊ फडक्याने पुसा. आणि ज्याचा हेवा वाटतो, त्याचं तोंड एकदा समोरून पाहा.

मंगळवारी शाळेला सुट्टी होती. सकाळीच टॅम्सिनने माझा मोजा काढला.

“नखाने घासू नकोस,” डेस म्हणाला. “कपाटात फडकं आहे.”

तिने मला पुसलं, अंगणात उत्तरेकडे तोंड करून कट्ट्यावर ठेवलं, बिस्किटाच्या खोक्याची पट्टी कापून माझ्यामागे अडकवली आणि पडद्यासारखं काही पेटलं तर म्हणून पाण्याची बादली शेजारी घेऊन बसली. दिवसभरात एक ढग येऊन गेला. तेवढी जागा सोडली, तर रेघ छान उमटली. संध्याकाळी तिने पट्टी काढली, मागच्या बाजूला लिहिलं, ‘तुझ्या भावाकडून. मंगळवारचं ऊन. हे त्याच्या मागे लावा, प्लीज.’ मग पट्टी पाकिटात घातली, पॉपला विचारून वर संग्रहालयाचा पत्ता लिहिला, आणि मला मोजा न घालताच सावलीत ठेवून ती टपालपेटीकडे पळाली.