रत्नप्रभाचं नख

"हलू नकोस गं, डोळ्यात जाईल," रत्नप्रभा म्हणाली आणि श्रुतिकाची हनुवटी धरून तिने लेकीचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

रविवार सकाळचा हा नेम श्रुतिका चौथीत असल्यापासूनचा. लेकीचं डोकं आईच्या मांडीवर, शेजारी वाटीत दुधात कालवलेलं मसुराचं पीठ आणि सहाणेवर उगाळलेलं जायफळ. आता लेक चोवीस वर्षांची झाली होती, मुलुंडच्या एका बँकेत काउंटरवर बसत होती, पण रविवारी मांडीवर डोकं टाकायची ते टाकायचीच. त्यात अठरा दिवसांवर साखरपुडा.

"मम्मी, साखरपुड्याला ग्लो आला पाहिजे हां. हर्षदची आई मेकअपशिवाय पण कसली झकास दिसते यार."

"येईल. तू गप पड आधी."

रत्नप्रभाने लेप लावायला दोन बोटं उचलली आणि तेवढ्यात तिला तो दिसला. डाव्या गालावर, कानाच्या जरा पुढे, मसुराच्या डाळीएवढा पांढुरका डाग. मागच्या रविवारी नव्हता. निदान तिला तरी दिसला नव्हता.

तिने उचललेली बोटं पुन्हा वाटीत टेकवली.

खरं म्हणजे अशा डागांना भिणारी रत्नप्रभा नव्हे. घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या सात मजली इमारतीत चेहऱ्याचं काहीही झालं की माणसं सहाव्या मजल्यावर तिच्याच दाराशी यायची. मुरमं आली, जायफळ. चेहरा तेलकट झाला, मुलतानी माती. उन्हाने रापला, दह्यात बेसन. "आणि मुरूम फोडायचं नाही. फोडलंस तर माझ्याकडे येऊ नको," हे ती कॉलेजच्या मुलींना असं दरडावायची, की डॉक्टरने काय दरडावावं. आणि पांढरा डाग घेऊन कुणी आलंच, तर त्यासाठी तिच्या उजव्या अंगठ्याचं नख होतं. ते तिने मुद्दाम वाढवलेलं. डागावरून हलकेच नख ओढायचं. पिठासारखा कोंडा निघाला की शिबं. "शिबं आहे. दवाखान्यातून मलम आण, टॉवेल वेगळा ठेव, घाबरायचं कारण नाही." कोंडा निघाला नाही तर काय, असं खालच्या कुंदाने एकदा आपल्या मुलाला पुढे धरून विचारलं होतं. "निघतोच," रत्नप्रभा म्हणाली होती, आणि निघालाही होता.

आता तेच नख श्रुतिकाच्या गालाजवळ गेलं आणि थांबलं. निघाला कोंडा तर सुटलो. पण नाही निघाला तर? तिने अंगठा मुठीत दाबून धरला आणि डागावरून लेप फासून टाकला.

"काय झालं?" डोळे मिटूनच श्रुतिकाने विचारलं.

"कुठे काय."

काय झालं ते सांगायचं तर आत्यापासून सांगावं लागलं असतं. सुंदराबाई, रत्नप्रभाच्या वडिलांची सख्खी बहीण. देवगडजवळच्या त्या गावात आत्याचे ओठ, बोटं आणि अर्धी मान दुधासारखी पांढरी झाली होती. तिचं लग्न झालं नाही. तिचं ताट वेगळं, कप पडवीतल्या खुंटीला वेगळा टांगलेला. कोड घराण्यात उतरतं असं सगळे म्हणायचे, म्हणून भाचीच्या लग्नात आत्या कुणाच्या नजरेला पडू नये याची घरादाराने काळजी घेतली. सासरी रत्नप्रभाने तीस वर्षांत आत्याचं नाव काढलं नाही. बाळंतपणात नर्सने मूल हातात दिलं तेव्हा तिने आधी पोरीची बोटं, ओठ आणि कानामागची जागा तपासली होती. आत्या वारली तेव्हाही "गावाकडची एक म्हातारी गेली" एवढंच तिने नवऱ्याला सांगितलं. आणि गंमत अशी, की जायफळ, मसूर, मुलतानी माती ही सगळी विद्या आत्याचीच. सहाणसुद्धा तिचीच. स्वतःच्या कातडीसाठी तिने जगातलं सगळं उगाळून पाहिलं होतं, आणि बसायला वेळ भरपूर होता.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो रत्नप्रभाच्या पाठीशी त्या रविवारपासून लागला. सोमवारी ती स्टेशनजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेली.

"बावचीचं तेल आहे?"

दुकानदाराने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कुणाला पायजे, बेन?"

"गावाला पाठवायचंय."

"मग सांगून धाडा. खोबरेलमधी चार थेंब. ऊन पाच मिनिट, बस. जास्ती ऊन नको."

आत्या बावची लावायची हे तिला पक्कं आठवत होतं. सकाळी घरापुढच्या खळ्यात उन्हाला हात पसरून बसलेली आत्या आणि त्या तेलाचा तो कडवट वास. पण चार थेंबांनी काय होणार? दिवस उरले सतरा. रत्नप्रभाने बाटलीतलं तेल तसंच, खोबरेल न घालता निव्वळ लावायचं ठरवलं. वास मारायला चंदन आणि गुलाबपाणी घातलं.

"हे काय नवीन?" मंगळवारी श्रुतिकाने नाक मुरडलं.

"ग्लो पाहिजे ना? हे लावून दहा मिनिटं गच्चीवर कोवळ्या उन्हात बस. मग धू आणि जा कामाला."

पोरगी बसली. आईने लावलं आणि वाईट झालं, असं चोवीस वर्षांत एकदाही घडलेलं नव्हतं. ती कानात इयरफोन घालून पाण्याच्या टाकीला टेकून बसायची आणि रत्नप्रभा दारात उभी राहून जिन्यावर कुणाची पावलं वाजतात का ते ऐकायची. चोराच्या मनात चांदणं. शुक्रवारी डागाच्या कडा गुलाबी झाल्या.

"चुरचुरतंय गं."

"चुरचुरणारच. गुण येतोय."

घरात तिचा नवरा सहदेव होता, साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा, कमी बोलणारा माणूस. शनिवारी जेवताना त्याने विचारलं, "काय गो, तुझा लक्ष खंय आसा? आमटीत मीठ नाय."

"विसरले," ती म्हणाली. बाटली तिने तांदळाच्या डब्यामागे ठेवली होती.

रविवारी सकाळी तिने जरा जास्तच तेल लावलं, गालभर पसरेल एवढं. श्रुतिका गच्चीवरून खाली आली, तोंड धुतलं आणि फोन बघत म्हणाली, "मम्मी, मी चालले. हर्षद आणि त्याचे मित्र गोराईला चाललेत. बोटीने जाऊ, बीचवर बसू, संध्याकाळपर्यंत येते."

रत्नप्रभाच्या हातातली वाटी तशीच राहिली. मार्च संपत आला होता. गोराईचं ऊन, वाळू, बोटीवर डोक्यावर छप्पर असेल नसेल. जास्ती ऊन नको. दुकानदाराचा आवाज तिच्या कानात स्पष्ट वाजला. एका वाक्यात पोरीला थांबवता आलं असतं. पण का जाऊ नको, असं तिने विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर रत्नप्रभाच्या गळ्यात तीस वर्षं अडकलेलं होतं.

"ओढणी घे डोक्यावरून," ती एवढंच म्हणाली.

"जीन्सवर ओढणी? काहीही हां मम्मी."

दार लागलं. तो दिवस रत्नप्रभाने कसा काढला ते तिचं तिला माहीत. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मागे समुद्राचा आवाज आणि हसणं. "सावलीत बस गं," असं दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा श्रुतिका वैतागली. चार वाजता तिने देवापुढे दिवा लावला. इतक्या लवकर दिवा का, असं सहदेवने नजरेनेच विचारलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

श्रुतिका तिन्हीसांजेला आली तेव्हा डावा गाल लालभडक होता. "भाजल्यासारखं होतंय," ती म्हणाली. रत्नप्रभाने कोरफडीचा गर लावला. सकाळी उठून पाहते तो कानापासून हनुवटीपर्यंत पाण्याने भरलेले फोड. डोळ्याखाली एवढी सूज, की डावा डोळा निम्मा मिटलेला.

श्रुतिका आरशासमोर उभी होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही. "मम्मी, हे काय आहे?" असं तिने एखाद्या लहान मुलीसारखं विचारलं, आणि तेच रत्नप्रभाला सोसवलं नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली गाल बघितला.

"काय लावलं होतं?"

"नेहमीचं मसुराचं पीठ. आणि या आठवड्यात चंदनाचा नवीन लेप," श्रुतिका म्हणाली.

"त्याने असं होत नाही. अजून काय होतं?"

"गुलाबपाणी," रत्नप्रभा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आई, खरं सांगा. काय लावलं ते कळलं नाही तर माझं औषध चुकेल."

श्रुतिकाने मान वळवून उघड्या डोळ्याने आईकडे पाहिलं. त्या डोळ्यात अजून संशय नव्हता. एका हातात श्रुतिकाचा हात, दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा धरून रत्नप्रभा म्हणाली, "बावचीचं तेल. निव्वळ. सहा दिवस. काल लावलं आणि ही उन्हात गेली. मी जाऊ दिलं."

"कोड आहे असं समजून?"

त्या शब्दाने खोलीतला पंखाही बंद पडला असं तिला वाटलं. तिने होकारार्थी मान हलवली. श्रुतिकाचा हात आपल्या हातातून निघून गेलेला तिला कळला.

डॉक्टरीणबाईंनी श्रुतिकाचे केस वर उचलले. मानेवर केसांखाली अजून दोन डाग होते, तेल न लागलेले. रत्नप्रभाने ते पाहिलेच नव्हते. बाईंनी पात्याची बोथट कड एका डागावरून ओढून काचेच्या पट्टीवर काढली. पट्टीवर पिठासारखा कोंडा पडला.

"हे साधं शिबं आहे. घामाने होतं. दोन आठवड्यांच्या मलमाचं काम होतं," त्या म्हणाल्या. "कोडाला कोंडा नसतो. घरी नुसतं नखाने खरवडून बघितलं असतंत ना, तरी कळलं असतं. आणि कोड असतं तरी काय? त्यावर औषधं आहेत. ते कुणाला शिवून लागत नाही."

रत्नप्रभाने पदराखाली अंगठा लपवला.

भाजलेल्याचा काळा डाग पडणार होता. सहा महिने राहील, कदाचित वर्षभर, थोडा कायमचाही राहील, आत्ता सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. फोडांना घरचं काहीही लावायचं नाही हे त्यांनी कागदावर लिहून खाली रेघ ओढली. रिक्षात श्रुतिका दुसऱ्या टोकाला बसली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, "मला विचारायचंस तरी. माझा चेहरा होता ना?"



त्या दिवशी सहदेव कारखान्यातून लवकर आला. रत्नप्रभाने दोघांना समोर बसवलं आणि आत्याबद्दल सगळं सांगितलं. ताट, कप, कोड. आत्याच्या हातांना कायम चिंध्या बांधलेल्या असायच्या आणि त्याही रोगाच्याच, असं ती लहानपणी समजायची. आज डॉक्टरीणबाईंसमोर तिला कळलं होतं, की त्या जखमा रोगाच्या नव्हत्या, उन्हाच्या आणि बावचीच्या होत्या. आत्याला कुणी कधी दवाखान्यात नेलंच नव्हतं.

"आणि लग्नाच्या दिवशी," ती म्हणाली, "सकाळी तिनेच मला उटणं लावलं. लावून झाल्यावर मीच म्हटलं तिला, आत्या, तू आज मागेच बस हां. दुसऱ्या कुणी नाही सांगितलं. मी सांगितलं."

सहदेवने आपल्या हातांकडे पाहिलं.

"माका भेटली होती ती," तो म्हणाला. "लग्नाच्या दिवशी मी मागल्या दारी हात धुवूक गेलंय. तिना पाणी घातल्यान हातार. बोटां पदराखाली लपवी होती. मी म्हटलंय, घाला आत्यानू, थंड आसा पाणी, बरां वाटला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग कधी बोलला का नाहीत?"

"तू बोललंस नाय. मगे मी कित्याक बोलू?"

रत्नप्रभाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ज्याला भिऊन तिने पोरीचा गाल जाळला, ते तिच्या घरात पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्याने कुणाचं काहीच बिघडलं नव्हतं. तीस वर्षांची भीती फुकट गेली होती. वाया गेली ती आत्या.

साखरपुडा पुढे ढकलायचा नाही, असं श्रुतिकाने हर्षदला फोनवर सांगितलं. तो काय म्हणाला ते रत्नप्रभाला कळलं नाही, आणि विचारायचं तोंडही तिला नव्हतं. मलम श्रुतिका स्वतःच लावायची, न्हाणीघराचं दार लावून. रत्नप्रभा बाहेर ओट्याशी उभी राहून नळाचा आवाज ऐकायची. मधल्या दिवसांत कुंदा भाचीची मुरमं दाखवायला आली तेव्हा रत्नप्रभाने तिला दारातूनच डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. "अगं, तू बघ ना आधी," कुंदा म्हणाली. "नको. तूच घेऊन जा," रत्नप्रभा म्हणाली. सहाण तिने धुऊन, पुसून कपाटात वर ठेवून दिली होती.

रविवार आला. फोड सुकले होते, गालावर तपकिरी खपली धरली होती. सवयीने रत्नप्रभा खिडकीजवळ जाऊन बसली, पण मांडी रिकामीच होती. न्हाणीघराचं दार उघडलं. श्रुतिका मलमाची ट्यूब घेऊन उभी होती.

"मानेवरचे ते दोन डाग मला आरशात दिसत नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज अजून कोरडाच होता. "तिथे तू लाव."

ती खाली बसली. मांडीवर डोकं टाकलं नाही, फक्त पाठ करून बसली आणि केस एका बाजूला घेतले. रत्नप्रभाने मोरीवर जाऊन हात साबणाने दोनदा धुतले, पुसले आणि मग ट्यूब उघडली.

"किती लावू?" तिने विचारलं.

"हरभऱ्याएवढं. डॉक्टरने सांगितलंय."

रत्नप्रभाने हरभऱ्याएवढं मलम बोटावर घेतलं. मानेला तिचा अंगठा लागला तेव्हा श्रुतिकाने मान किंचित वळवली. अंगठ्याचं नख अगदी बोटाच्या कातडीपर्यंत कापलेलं होतं.