रायभानची हाक

रायभान तापानं गेला त्याला अठरा दिवस झाले, पण गोपिकाबाईनं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. बायका म्हणाल्या, काळजाचा दगड झाला. अहो, दगड निदान उन्हानं तापतो. हिला काही लागतच नव्हतं. जेवायची, झाडायची, मेंढरांकडं जायची.

मेंढरं मात्र तिला मोजत नव्हती. त्यांना एकच हाक ठाऊक, रायभानची. त्या घरात हाक बाप्यानंच मारायची. बाईनं कधी तोंड उघडलेलं नाही. दीर सुग्रीव म्हणाला, "वहिनी, सोमवारपर्यंत तुझ्यामागं आली तर ठेव. न्हाई तर बाजारात नेतो." चाळीस मेंढरं. नवऱ्याचं तेवढंच मागं राहिलेलं.

रविवारी भुजंगराव आले. बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रातली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून हा भला माणूस दोन वर्षं धावड्याच्या माळावर मेंढरांचं बोलणं रेकॉर्ड करत फिरत होता. जनावराला मन असतं, सिद्धच करून दाखवतो, म्हणायचा. गाव त्याला येडं म्हणे; रायभान तेवढा भाकर देई.

"वहिनी, त्याची हाक माझ्याजवळ आहे," ते म्हणाले. "स्पीकरवर लावतो. बराबर येतील."

"ह्युर्र... या गं बायांनो, या!" माळावर रायभानचाच आवाज घुमला. गोपिकाबाई ढिम्म. पण मेंढरं काय उधळली म्हणता! थेट स्पीकरपाशी. सगळ्यांच्या पुढं चिमणी नावाची लंगडी मेंढी. तिनं डबा हुंगला, त्याची मागची बाजू हुंगली, भुजंगरावांचे पाय हुंगले. मग एकदा ओरडली अन् चरायला निघून गेली. बाकीच्या तिच्यामागं.

भुजंगरावांनी पुन्हा लावलं. एकीनंही मान उचलली नाही.

"मशीन बिघडलं की काय?"

"मशीन बराबर हाय, भाऊ," गोपिकाबाई म्हणाली. "त्यांला कळलं. आवाज हाय, माणूस न्हाई. मुक्या जिवाला एका हाकंत कळलं, अन् मला अजून कळून न्हाई राह्यलं. बंद करा ते."

भुजंगरावांनी स्पीकर बंद केला. गोपिकाबाईनं पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा हाक मारली, घोगरी, चोरट्यासारखी. "या गं बायांनो..."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग चिमणी वळली. लंगडत आली, तिच्या तळहातात तोंड घातलं. मागून एकेक मेंढरू येऊ लागलं. भुजंगरावांनी वही उघडली, पण लिहिलं काहीच नाही.

तळहात ओला झाला. गरम लागला. तरीही रडू आलं नाहीच. ती खाली बसली आणि मेंढीच्या कानाशी म्हणाली,

"चिमणे, ते गेले गं."